नार्नियाला रूप देणारी रेषा : पॉलिन बेन्स

१९४८ साली लंडनच्या ‘ॲलन अँड अनविन’ या प्रकाशनसंस्थेपुढे एक पेच होता. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’ ही छोटेखानी गोष्ट छापायला घ्यायची होती. लाल दाढीचा एक सुखवस्तू शेतकरी, त्याचा तोंडपाटील पण भित्रा कुत्रा आणि एक धूर्त ड्रॅगन यांची ती कथा. मायलीन कॉसमन या गुणी चित्रकर्तीने तिच्यासाठी नमुन्याची चित्रं काढून दिली होती, पण टॉल्किन यांना ती आपल्या कथेच्या जातकुळीची वाटली नाहीत. मग प्रकाशकांनी त्यांच्यासमोर दुसरे काही कागद ठेवले. पंचविशीतल्या एका अनोळखी मुलीने मध्ययुगीन पोथ्यांच्या समासातली माणसं आणि जनावरं आपल्या पद्धतीने, मिश्कीलपणे पुन्हा रेखाटली होती. टॉल्किन यांचा शोध तिथेच संपला. पुस्तक १९४९ मध्ये आलं. आपल्या मजकुराला या चित्रांनी टीपेच्या जागी नेऊन बसवलं, असं मित्र म्हणतात, हे टॉल्किन यांनी स्वतःच आनंदाने प्रकाशकांना कळवलं.

ती मुलगी म्हणजे पॉलिन बेन्स. पुढच्या पंचवीस वर्षांत टॉल्किन आणि सी. एस. लुईस या ऑक्सफर्डच्या दोन प्राध्यापकांच्या कल्पित जगांना दृश्य रूप दिलं ते याच बाईंनी. लुईस यांच्या नार्नियातलं बर्फाळ रान, त्यातला दिव्याचा खांब, छत्री घेतलेला फॉन, टॉल्किन यांच्या मिडल-अर्थचा भिंतीवर लावायचा नकाशा, हे सगळं त्यांच्या टाकातून आणि कुंचल्यातून उतरलेलं आहे. पुस्तकं लेखकांच्या नावावर आहेत आणि ते योग्यच आहे. पण वाचकाच्या मनात त्या पुस्तकांचं जे चित्र उमटलं, त्याचं निम्मं श्रेय बेन्स यांचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे श्रेय त्यांच्या वाट्याला किती कमी आलं आणि किती उशिरा आलं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आग्रा ते इंग्लंड

पॉलिनचा जन्म ९ सप्टेंबर १९२२ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होव्ह गावातला. वडील हिंदुस्थानच्या सनदी सेवेत, आग्र्याला कमिशनर. त्यामुळे तिची पहिली वर्षं आग्र्यात गेली आणि उन्हाळे मसुरीत. पाचव्या वर्षी हे सगळं तुटलं. आईची प्रकृती बिघडली, म्हणून ती दोन्ही मुलींना घेऊन मायदेशी निघाली. वडील नोकरीसाठी मागेच राहिले. परतीच्या प्रवासात आपण रात्री रडत रडत झोपी जायचो, ही आठवण पॉलिनने आयुष्यभर सांगितली.

इंग्लंडमध्ये स्वतःचं घर नव्हतं. मायलेकी आज या भाड्याच्या खोलीत, तर उद्या त्या. शाळा कॉन्व्हेंटची. तिथल्या नन्स तिच्या घरी शिवलेल्या विचित्र कपड्यांची टिंगल करत. ती हिंदुस्तानी बोलते याचीही थट्टा होई. रडयार्ड किपलिंग यांच्या वाट्याला लहानपणी असंच दुःख आलं होतं, हे पुढे कळल्यावर तिला धीर वाटला. किपलिंग यांचा जन्म मुंबईतला. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत होते, आणि सहा वर्षांचा होण्याआधीच या मुलाला इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवण्यात आलं होतं. साहेबी राज्याच्या कारभारात अशी कितीतरी मुलं दोन देशांच्या मध्ये अडकून वाढली. एकाने त्या तुटलेपणातून ‘जंगल बुक’ लिहिलं, आणि दुसरीने एका कपाटातून दुसऱ्या जगात जाणाऱ्या मुलांची चित्रं काढली.

पंधराव्या वर्षी पॉलिन फार्नमच्या कलाशाळेत गेली आणि तिथून थोरली बहीण अँजेला हिच्याबरोबर लंडनच्या प्रसिद्ध ‘स्लेड’ कलाशाळेत. दुसऱ्या महायुद्धामुळे ‘स्लेड’चं बिऱ्हाड तेव्हा ऑक्सफर्डला हललं होतं. पॉलिनच्या पदरी तिथे पदवी पडली नाही, पदविकाही नाही. मात्र आपण पुस्तकांसाठीच चित्रं काढायची, हे तोवर मनाशी पक्कं झालं होतं. जुन्या हस्तलिखितांचा तिला नाद लागला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही.

युद्धाची तालीम

१९४० मध्ये दोघी बहिणी युद्धकार्यासाठी स्वयंसेविका झाल्या. त्यांची रवानगी फार्नमच्या किल्ल्यात झाली. तिथे सैन्याला छद्मावरणाचं शिक्षण देणारं केंद्र होतं. रणगाडे, तोफा, छावण्या शत्रूच्या विमानांना दिसू नयेत म्हणून त्या कशा झाकायच्या, हे दाखवणाऱ्या प्रतिकृती बनवण्याचं काम बहिणींकडे आलं. तिथल्याच एका सहकाऱ्याच्या घरचा मुलांची रंगीत पुस्तकं छापण्याचा धंदा होता. त्या ओळखीतून पॉलिनची पहिली चित्रं छापून आली.

१९४२ ते १९४५ ही वर्षं गेली बाथ शहरात, आरमाराच्या जलालेखन खात्यात. नौदलाच्या जहाजांसाठी सागरी नकाशे काढायचे, हे तिथलं काम. या कामात कल्पनेला वाव नसतो. किनाऱ्याची रेघ केसभर सरकली, खोलीचा आकडा चुकला, तर माणसं बुडतात. तीन वर्षं तिचा हात या शिस्तीत तयार झाला. बारीक अक्षर, निर्दोष रेघ आणि मोठा प्रदेश छोट्या कागदात बसवण्याची हातोटी तिने तिथे कमावली. पुढे जगभर गाजलेल्या काल्पनिक नकाशांमागे ही सरकारी नोकरी आहे.

युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कागदावर रेशन होतं आणि ते १९४९ पर्यंत राहिलं. १९४२ च्या युद्धकालीन करारानुसार प्रकाशकांना बारीक टाइप वापरावा लागे, पानावर मजकूर दाटीवाटीने बसवावा लागे आणि समास आखूड ठेवावे लागत. रंगीत छपाई महाग, कागद खरखरीत आणि पातळ. अशा कागदावर उठून दिसेल ती काळीभोर, स्वच्छ रेघ. शाईने काढलेल्या चित्राचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक करायचा आणि तो मजकुराच्या टाइपाबरोबर एकाच छपाईत उतरवायचा, हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. रेषेवर हुकूमत असलेल्या चित्रकारांची एक पिढीच या चणचणीने घडवली. एडवर्ड आर्डिझोनी, मर्विन पीक, हॅरल्ड जोन्स ही त्या पिढीतली मोठी नावं. बेन्स त्यांच्यात वयाने धाकट्या.

समासातली माणसं

टॉल्किन यांच्या मनात भरलेल्या चित्रांचं मूळ होतं ‘लट्रेल सॉल्टर’ या पोथीत. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिंकनशरमधल्या सर जेफ्री लट्रेल या सरदारासाठी ती तयार झाली. पोथी स्तोत्रांची, पण तिचे समास पाहावेत तर तिथे सगळा गाव हजर. बैल जुंपून नांगरणारा शेतकरी आहे, धान्य झोडपणारे गडी आहेत, स्वयंपाकघरातली लगबग आहे. शेजारीच माणसाचं तोंड आणि माशाचं शेपूट असलेले, कुठल्याही प्राणिशास्त्रात न बसणारे जीव आहेत. मधे पवित्र वचन आणि कडेला जगाचा पसारा, अशी ती रचना.

बेन्स यांनी त्यातली वेशभूषा उचललीच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट उचलली ती पानाची जाण. चित्र चौकटीत कोंडलेलं नसलं तरी चालतं, ते मजकुराच्या खांद्यावर बसू शकतं, ओळींच्या मधून चालत जाऊ शकतं, पानाच्या तळाशी लोळू शकतं, हे त्या पोथीकडून शिकल्या. ‘फार्मर जाइल्स’मध्ये ड्रॅगन आणि शेतकरी अशा रुबाबात वावरतात की ती गोष्ट खरोखर एखाद्या जुन्या बाडात सापडली असावी, असं वाटतं. गोष्ट जुन्या लॅटिन बखरीचं भाषांतर असल्याचा बहाणा टॉल्किन यांनी प्रस्तावनेत केला होता. त्या बहाण्याला पुरावा मिळाला तो या चित्रांचा.

कपाटापलीकडचं रान

त्याच सुमारास टॉल्किन यांचे स्नेही लुईस ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’साठी चित्रकार शोधत होते. मुलं आणि प्राणी दोन्ही चांगले काढणारं कोण आहे, असं आपण एका पुस्तकाच्या दुकानात विचारलं आणि तिथे तुमचं नाव कळलं, असं त्यांनी बेन्स यांना सांगितलं. १९५० ते १९५६ या सात वर्षांत दरवर्षी एक अशी नार्नियाची सात पुस्तकं निघाली. सातही पुस्तकांची चित्रं बेन्स यांची.

पहिल्याच पुस्तकातलं एक चित्र नीट पाहण्यासारखं आहे. ल्यूसी ही छोटी मुलगी आणि टम्नस हा फॉन एका छत्रीखाली, हातात हात अडकवून बर्फातून चालले आहेत. फॉन म्हणजे कमरेपर्यंत माणूस आणि खाली बोकड. त्याच्या काखोटीला बाजारातून आणावीत तशी पुडकी. दुसऱ्या कुणी हा प्राणी भयंकर तरी केला असता किंवा हास्यास्पद तरी. बेन्स यांनी त्याला शेजारचे काका केलं. थोडा वाकलेला, थोडा ओशाळलेला, सभ्य. त्याच्या मनात काय चाललंय हे ल्यूसीला अजून ठाऊक नाही, पण त्याच्या ओशाळेपणाचा अंदाज पाहणाऱ्याला येतो. आणि या दोघांभोवती जवळजवळ काहीच काढलेलं नाही. झाडांच्या मोजक्या रेघा सोडल्या, तर बाकी कागद कोरा. तो कोरेपणा म्हणजेच बर्फ. खरखरीत कागद आणि एकच रंग, एवढ्या भांडवलावर त्यांनी थंडी उभी केली. लहान आकृती आणि तिच्याभोवती मोठी मोकळी जागा, ही त्यांची खास रीत. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मधला कॅलोर्मेन हा वाळवंटी देश त्यांनी काढला, तेव्हा त्यात इराणी लघुचित्रांची घडण आली. टोकदार कमानी, फेटे, गच्च्या, बारीक नक्षी, सगळं त्या चालीचं.

लुईस आणि बेन्स यांची प्रत्यक्ष भेट दोनदाच झाली. त्यातली एक लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर, आणि गाडी चुकू नये म्हणून लुईस सारखे घड्याळाकडे बघत होते. एका भेटीच्या दिवशी बेन्स यांच्या रोजनिशीत तीनच नोंदी आहेत : लुईस भेटले, घरी आले, रॉक केक भाजले. जगप्रसिद्ध मालिकेचा लेखक आणि तिची चित्रकार यांचा संबंध एवढाच.

समोर लुईस सौजन्याने वागत. पत्रांतून चित्रांची तारीफही करत. इतरांना मात्र ते वेगळं सांगत, सिंह तिला जमत नाहीत असं. डोरथी सेयर्स या लेखिकेला १९५५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी या चित्रांच्या उणिवा बोलून दाखवल्या : वल्ही कशी मारतात, धनुष्य कसं ताणतात याकडे लक्ष नसतं. चित्रकार इतकी बुजरी आहे की तिला टोकायला मन धजत नाही, असंही त्यांचं म्हणणं. सिंहाबद्दलची तक्रार अगदी निराधार नाही. पहिल्या पुस्तकातला अस्लान हा सिंह रानातल्या सिंहापेक्षा सरदाराच्या ढालीवरच्या सिंहाला जवळचा आहे. पण नार्निया हे रान तरी कुठे आफ्रिकेतलं आहे? तिथे बीव्हर चहा करतात आणि वनदेवता झाडांतून बाहेर येतात. अशा जगात ढालीवरचा सिंहच शोभतो. हा वाद कधी मोकळेपणाने झाला नाही, याचं मात्र वाईट वाटतं. लेखकाने मनमोकळेपणाने सांगितलं असतं, तर चित्रकाराने ते घेतलं असतं. वाढत्या पुस्तकांबरोबर त्यांची रेषा सुधारतच गेली होती.

‘द लास्ट बॅटल’ या शेवटच्या पुस्तकाला १९५६ चं कार्नेगी पदक मिळालं. बेन्स यांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, तेव्हा लुईस यांनी मोठ्या मनाने उत्तर दिलं की पदक दोघांचं मानायला हवं, कारण परीक्षकांनी चित्रंही विचारात घेतलीच असणार. ही भावना सुंदर होती. पण पदकावर नाव एकाचंच होतं. कार्नेगी पदक लेखकांसाठी १९३६ पासून दिलं जात होतं, आणि चित्रकारांसाठीचं केट ग्रीनअवे पदक पहिल्यांदा दिलं गेलं ते १९५६ च्याच पुस्तकासाठी, आर्डिझोनी यांना. म्हणजे वीस वर्षं मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांना पदकाच्या लायकीचं कुणी समजलंच नव्हतं.

पैशाचा हिशेबही असाच. नार्नियाच्या पुस्तकामागे बेन्स यांना सुमारे १०० पौंड एकरकमी मानधन मिळालं. रॉयल्टी नाही. या मालिकेच्या प्रती जगभरात १० कोटींवर खपल्या असं सांगितलं जातं. त्यांतल्या असंख्य प्रतींत त्यांचीच चित्रं आहेत. करार त्या काळच्या रीतीला धरूनच होता आणि त्यात कुणी कायदा मोडला नाही. पण रीत अन्यायाची असेल, तर तिला अन्यायच म्हटलं पाहिजे.

नसलेल्या देशांचे नकाशे

नार्नियाचा नकाशा काढताना लुईस यांनी कच्चा आराखडा पाठवला आणि सोबत सूचना दिली की नकाशा मोजणी खात्याचा वाटू नये, मध्ययुगीन वाटावा. डोंगर आणि किल्ले चित्रासारखे दिसावेत, कोपऱ्यांत वारे फुंकर घालत असावेत, समुद्रात जहाजं आणि देवमासे असावेत. ही मागणी बेन्स यांच्या दोन्ही विद्यांना एकदम हाक देणारी होती. समासातली चित्रकला त्यांना येत होती आणि आरमारी नकाशे काढून हात बसलेला होता.

टॉल्किन यांच्याशी त्यांचं जास्त जुळलं. ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ टॉम बॉम्बाडिल’ १९६२ मध्ये आणि ‘स्मिथ ऑफ वूटन मेजर’ १९६७ मध्ये आलं, दोन्ही त्यांच्याच चित्रांनी. टॉल्किन पतिपत्नींशी कौटुंबिक स्नेह जडला. मग मिडल-अर्थच्या भित्तिनकाशाचं काम निघालं. टॉल्किन यांनी बेन्स यांच्याजवळच्या छापील नकाशावरच हिरव्या शाईने आणि पेन्सिलीने बारीक टिपा लिहून दिल्या : नवी गावं, नद्या, कुठे कोणती झाडं आणि कोणते प्राणी. हॉबिटन हे गाव ऑक्सफर्डच्या अक्षांशावर धरावं, मिनास टिरिथ हे शहर साधारण इटलीतल्या राव्हेनाच्या, असंही त्यांनी कळवलं. जमिनीचे उंचसखल भाग नीट यावेत म्हणून बेन्स यांनी जवळच्या बॉर्डनच्या लष्करी छावणीतल्या नकाशातज्ज्ञांची मदत घेतली. १९७० मध्ये तो नकाशा छापून निघाला आणि विद्यार्थ्यांच्या खोल्याखोल्यांच्या भिंतींवर लागला.

टॉल्किन यांच्या टिपांचा तो कागद बेन्स यांच्याकडच्या, मिडल-अर्थची कथा सांगणाऱ्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रतीत वर्षानुवर्षं पडून होता. २०१५ मध्ये तो उजेडात आला, तेव्हा ऑक्सफर्डच्या पुस्तकविक्रेत्यांनी त्याची किंमत ६० हजार पौंड लावली. पुढच्या वर्षी तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने घेतला. चित्रकाराच्या कामाचा एक सुटा कागद ६० हजारांचा, आणि अख्ख्या पुस्तकाच्या चित्रांचे १००!

ऐन भरातली वर्षं

बेन्स यांचं घर होतं सरे परगण्यातल्या डॉकनफील्ड गावात. दारावर कुत्र्यांसाठी मांस पोचवायला येणारा फ्रिट्झ गाश हा जर्मन माणूस एके दिवशी ओळखीचा झाला. तो जर्मन सेनापती रोमेलच्या आफ्रिका कोअरमध्ये लढलेला, मग इंग्रजांचा युद्धकैदी झालेला आणि सुटल्यावर इंग्लंडमध्येच राहिलेला. १९६१ मध्ये दोघांनी लग्न केलं. एकीने युद्धात इंग्रजांचे नकाशे काढले होते, दुसरा समोरच्या बाजूने लढला होता. संसार सत्तावीस वर्षं झाला. मूल मात्र जन्मतःच गेलं. १९८८ मध्ये फ्रिट्झही गेले.

या वर्षांत हातून झालेलं काम थक्क करणारं आहे. त्यातलं शिखर म्हणजे ग्रँट युडन यांचा ‘अ डिक्शनरी ऑफ शिव्हलरी’ हा मध्ययुगीन सरदारी जीवनाचा कोश. चिलखतं, खोगिरं, निशाणं, ढालींवरची चिन्हं, द्वंद्वयुद्धं, मेजवान्या. जवळपास ६०० चित्रं, आणि त्यांना सुमारे दोन वर्षं लागली. चिलखताच्या प्रत्येक पट्टीला नाव असतं आणि प्रत्येक पट्टी कुठल्या शतकातली हे ठरलेलं असतं. एवढ्या तपशिलात गुरफटूनही चित्रांतली हालचाल त्यांनी मरू दिली नाही. १९६८ चं केट ग्रीनअवे पदक त्यांना या कोशासाठी मिळालं. त्यांचं स्वतःचं, कुणाशी वाटून न घेतलेलं पदक.

उतारवयात त्या बायबलातल्या कथांकडे वळल्या. नोहाच्या तारवावरचं पुस्तक १९८८ मध्ये आलं. नार्नियाच्या जुन्या कृष्णधवल चित्रांत त्यांनी म्हातारपणी स्वतःच्या हाताने रंग भरले. २००६ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीच्या घरात, मध्ययुगीन कल्पनेतल्या अद्भुत प्राण्यांवरचं ‘क्वेश्चनेबल क्रीचर्स’ प्रसिद्ध झालं. ज्या समासांतून सुरुवात केली, त्यांचं हे ऋण फेडणं होतं. १ ऑगस्ट २००८ रोजी त्या गेल्या, तेव्हाही टेबलावर काम होतं.

बेन्स स्वतःला फार मोठं समजत नसत. आपल्या चुका आधी सांगत. कदाचित म्हणूनच जगानेही त्यांना त्यांच्या मापाने न मोजता त्यांच्या नम्रतेच्या मापाने मोजलं. ही एकट्या बेन्स यांची कथा नाही. मुलांच्या पुस्तकांतले चित्रकार आजही अनेक ठिकाणी एकरकमी मानधनावर काम करतात, मूळ चित्रं छापखान्यात गहाळ होतात, आणि परीक्षणात त्यांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. वाचता न येणाऱ्या मुलाला पुस्तक आधी चित्रकारच वाचून दाखवतो. म्हणून मुखपृष्ठावर त्याचं नाव लेखकाच्या बरोबरीने हवं, विक्रीत त्याचा वाटा हवा आणि मूळ चित्रांवर त्याचा हक्क हवा. प्रकाशकांनी हे करावं, ही मागणी आहे. पालकांकडे आणि शिक्षकांकडे मागणं त्याहून सोपं आहे : मुलांना गोष्ट वाचून दाखवायला बसाल, तेव्हा पुस्तकाचं नाव सांगा, लेखकाचं सांगा आणि चित्रकाराचंही सांगा.